‘उद्या भाडं आहे’

वाचकहो, तुमच्या शिवारातून कांद्याची गाडी भरून निघाली की तुम्ही काय करता? ताडपत्री नीट बांधली आहे का ते पाहता, ड्रायव्हरला चहा पाजता, ‘सांभाळून जा रं बाबा’ म्हणता आणि घराकडे वळता. पुढचे दोन दिवस तुमचा जीव त्या गाडीत असतो. माल पोचला का, भिजला तर नाही ना, पट्टी कशी निघाली, एवढेच डोक्यात चाललेले असते. गाडी ज्याच्या हातात दिली त्या माणसाच्या डोक्यात काय चालले आहे, हे आपण सहसा विचारत नाही. मीही विचारत नव्हतो. तीच गोष्ट आज सांगणार आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

शेतीच्या साप्ताहिकात ट्रकची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. त्यांना एक आठवण करून देतो. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात आणला. भाव मिळाला किलोला १ रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई सारे वजा जाता त्यांच्या हाती २ रुपयांचा धनादेश पडला. ती पट्टी तेव्हा देशभर गाजली. तुमच्या-माझ्या घरातल्या प्रत्येक पट्टीवर गाडीभाड्याची अशी एक ओळ असतेच. त्या एका ओळीच्या आत दोन माणसे बसलेली असतात, एक गाडीचा मालक आणि दुसरा ड्रायव्हर. त्या दोघांचे एकमेकांशी बरे असले तर आपला माल वेळेवर पोचतो. त्यांच्यात खोटे शिरले की त्याचा भुर्दंड कुठे ना कुठे आपल्यावरही येतो.

मी शेतकी खात्यातला, विस्ताराचे काम करणारा माणूस. बी. एस्सी. कृषी होऊन नोकरीला लागलो, त्याला आता तीस वर्षे होत आली. माझी थोरली बहीण सोलापुरात दिलेली आहे. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांच्या दोन दहाचाकी गाड्या. आपल्या श्री सिद्धेश्वर बाजार समितीतून कांदा भरायचा आणि हैदराबाद, बंगळूर अशा दक्षिणेकडच्या बाजारांत पोचवायचा, हा त्यांचा मुख्य धंदा. येताना जे मिळेल ते परतीचे भाडे.

या धंद्याला आपल्या शेतीसारखाच हंगाम असतो. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते, बाजारात लाल कांद्याची रीघ लागते, तेव्हा गाडीला दम नसतो. ड्रायव्हर घरी जाऊन येतो म्हणाला तर मालकाच्या कपाळाला आठी पडते. पण उन्हाळा सरला, कारखान्यांची धुराडी थंड झाली, की सुगी संपली. मृग ते पोळा हे मंदीचे दिवस. गाड्या रांगेने उभ्या. बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही. विमा, टायर, कर, सगळे आपापल्या तारखेला दारात येतात. मालकाची बाजू ही अशी आहे, आणि ती खोटी नाही.

ड्रायव्हरची बाजू वेगळी. पुष्कळशा छोट्या मालकांकडे महिन्याचा पगार नसतो. फेरीवर पैसे आणि फेरीपुरता भत्ता. गाडी चालली तर चूल पेटते. मोटार वाहतुकीतल्या कामगारांसाठी १९६१ साली संसदेने कायदा केला, आठ तासांचा दिवस आणि आठवड्याची सुट्टी त्यात लिहिली. पण तो लागू केला पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. पुढे २०२० च्या कामगार संहितेत तो सामावून घेण्यात आला. एका-दोन गाड्यांच्या मालकाला आणि त्याच्या ड्रायव्हरला जोडणारी दोरी मुख्यतः एकच, आणि ती म्हणजे तोंडचा शब्द.

आता २०१९ सालची गोष्ट. आदल्या वर्षीचा दुष्काळ तुम्ही विसरला नसाल. त्या उन्हाळ्यात सांगोला-मंगळवेढ्याकडे जनावरे चारा छावण्यांत होती. आषाढी वारी होऊन गेली तरी आपल्याकडे पेरणीजोगा पाऊस नव्हता. शेतात माल नाही, मग गाडीला भाडे कुठले? दाजींच्या दोन्ही गाड्या मार्केट यार्डाजवळ उभ्या होत्या. एका गाडीवर मोहोळकडचा एक ड्रायव्हर होता. अकरा वर्षे त्याच गाडीवर. घरी दोन एकर कोरडवाहू, म्हातारी आई, बायको, दोन शाळकरी मुले. निर्व्यसनी माणूस. गाडी अशी जपायचा की बसायच्या आधी काच पुसायचा.

तो रोज दाजींना विचारायचा, ‘मालक, भाडं हाय का?’ आणि दाजी रोज म्हणायचे, ‘उद्या भाडं आहे. बंगळूरचं बोलणं चाललंय. तू कुठं जाऊ नको.’ बोलणे कुणाशीही चालले नव्हते. दाजींना भीती एवढीच होती, की हा एकदा दुसऱ्या गाडीवर गेला तर हंगामात असा माणूस पुन्हा मिळायचा नाही. म्हणून त्यांनी त्याला ‘उद्या’च्या दाव्याला बांधून ठेवले. त्याच दिवसांत एका दूधसंघाच्या टँकरवर महिन्याच्या पगाराची जागा निघाली होती. त्याला निरोपही आला होता. ‘उद्या बंगळूरला जायचंय, मालकाला शब्द दिलाय,’ म्हणून त्याने ती सोडली.

अशात एक दिवस तो माझ्या कार्यालयात आला. टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, ‘साहेब, दोन एकराचं काय करू? पेरू का थांबू?’

मी त्याला खुर्ची दिली आणि सरळ सांगितले, ‘पंचाहत्तर ते शंभर मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय बी मातीत घालू नका. एवढ्यात पडलेल्या दोन सरींवर पेराल तर दुबार पेरणी येईल आणि बियाण्याची पिशवी फुकट जाईल. मूग-उडदाची वेळ आता गेली. ओल झाली तर तूर, बाजरी किंवा सूर्यफूल बघा. पाऊस कधी येईल ते मी सांगू शकत नाही.’

त्याने मान हलवली. उठता उठता त्याने हळूच विचारले, ‘साहेब, आणखी एक इचारू का? रागावू नका. मालकाकडं खरंच भाडं हाय का हो?’

वाचकहो, मला माहीत होते. आदल्याच रविवारी मी अक्काकडे जेवायला गेलो होतो, आणि दाजी स्वतःच्या तोंडाने म्हणाले होते, की श्रावण निम्मा होईपर्यंत काही हालचाल दिसत नाही. मला सगळे माहीत होते. पण बहिणीच्या घरातली गोष्ट बाहेर कशी बोलायची? मी म्हणालो, ‘येईल की. धीर धरा.’

पावसाचे मी त्याला खरे सांगितले आणि भाड्याचे खोटे. एकाच खुर्चीवर बसून, पाच मिनिटांच्या अंतराने.

सतरा दिवस तो असा बसून राहिला. अठराव्या दिवशी कसेबसे हैदराबादचे एक भाडे मिळाले. गाडी गेली, आली. दाजी हिशोबाला बसले तेव्हा डिझेलच्या पावत्या जुळेनात. जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर. लिटरला चार किलोमीटर धरले तर दीडशे लिटर. पावत्या होत्या एकशे पंच्याऐंशी लिटरच्या. पस्तीस लिटरचे सुमारे चोवीसशे रुपये कुठे गेले? दाजींनी चौकशी केली तर आणखी एक गोष्ट निघाली. ‘परतीला गाडी मोकळी आली’ असे त्याने सांगितले होते, पण हुमनाबादपासून नळदुर्गापर्यंत कुणाचे तरी सामान त्याने आणले होते. त्याचे तीन हजार. एकूण चोपन्नशे रुपये.

दाजींचा संताप झाला. ‘अकरा वर्षं घरच्यासारखं वागवलं आणि चोर निघाला,’ म्हणत त्यांनी त्याला घरी बोलावले. मध्यस्थ म्हणून मलाही बोलावले, कारण मी साहेब. मी गेलो. तो भिंतीला टेकून उभा होता. चहाचा कप समोर तसाच.

दाजींनी पावत्या मांडल्या. त्याने नाही म्हटले नाही. खाली बघून म्हणाला, ‘घेतलं मालक. पोराची फी हुती, दुकानदाराची उधारी हुती. चुकलंच.’

‘अरे, मागितले असतेस तर दिले नसते का?’ दाजी म्हणाले.

‘मागनारच हुतो. पर तुमी रोज उद्या भाडं म्हनायचा. म्हटलं, उद्याच मिळतंय तर आज कशाला हात पसरा.’ मग त्याने माझ्याकडे पाहिले. आवाज चढवला नाही. ‘साहेबांनाबी इचारलं हुतं म्या.’

अक्का दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितले. त्या बघण्याचे वर्णन मी करत नाही. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

दाजींच्या धंद्याची वही अक्काच लिहिते. ती आत गेली, वही घेऊन आली आणि खाली बसली. दाजींना म्हणाली, ‘अहो, ह्यानं घेतलेले चोपन्नशे मी लिहिते. ते लिहायलाच पाहिजेत. पण तुम्ही सतरा दिवस त्याला उद्या-उद्या म्हणून बसवला, ते कुठल्या खात्यावर लिहू? टँकरवरची जागा त्यानं तुमच्या शब्दावर सोडली. तो शब्द खोटा होता. ते कुणाच्या नावावर मांडू?’

दाजी बोलेनात. मीही बोलेना. शेवटी अक्कानेच हिशोब केला. बसून राहिल्याचा भत्ता दिवसाला दोनशे धरला, सतरा दिवसांचे चौतीसशे झाले. चोपन्नशेतून ते वजा करून दोन हजार त्याच्याकडे राहिले. तो म्हणाला, ‘वैनी, दोन महिन्यांत देतो.’ आणि त्याने दिले, दोन वेळा हजार-हजार, स्वतः घरी आणून.

मला वाटले, मिटले. दाजीही नरमले होते. म्हणाले, ‘झालं गेलं सोड. गाडीची किल्ली घे.’ पण त्याने किल्ली घेतली नाही. तो जे बोलला ते मी घरी आल्यावर डायरीत लिहून ठेवले. ‘मालक, पैशाचं फिटलं. पर आता तुमी उद्या म्हनला की मला खरं वाटायचं न्हाई, आन् म्या पावती दिली की तुमास्नी खरी वाटायची न्हाई. मग गाडीत दोघं कशाच्या जोरावर बसायचं?’

अकरा वर्षांचा संबंध तिथे संपला. टँकरवरची ती जागा केव्हाच भरली होती. वर्षभर तो मिळेल त्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून फिरला.

मी यावर पुष्कळ विचार केला. चोरी ती चोरी. डिझेल विकणे आणि परतीचे भाडे लपवणे याला मी कधीच बरे म्हणणार नाही. गरज होती म्हणून ते क्षम्य होते, असेही मी म्हणत नाही. पण मंदीतल्या खोट्याची एक खोड मला दिसली. सुगीच्या दिवसांत खोटे बोलायची फारशी गरजच पडत नाही, सगळ्यांना पुरून उरते. मंदीत मालकाचे खोटे गोड असते. त्यात शिवी नसते, नकार नसतो, उलट आशा असते. म्हणून ते बोलणाऱ्याला खोटे वाटत नाही. पण ऐकणारा त्या आशेवर आपले दिवस खर्च करतो. पाऊस येणार म्हणून कुणी तुम्हांला पेरायला लावले आणि पाऊस आला नाही, तर बियाण्याची पिशवी जाते. ‘उद्या भाडं आहे’ म्हटले आणि भाडे आले नाही, तर माणसाचा दिवस जातो. पिशवी पुन्हा विकत मिळते.

आमचे दाजी हट्टी असले तरी शिकणारे आहेत. त्यांनी नवा ड्रायव्हर ठेवला तेव्हा अक्काच्या वहीत तीन गोष्टी लिहून घेतल्या. भाडे किती ठरले तो आकडा ड्रायव्हरला दाखवायचा. परतीला वाटेत काही मिळाले तर ड्रायव्हरने फोन करून सांगायचे आणि त्यात त्याचा वाटा धरायचा. आणि सलग तीन दिवस भाडे नसेल तर चौथ्या दिवशी मालकाने स्वतः सांगायचे, की भाडे नाही, दुसरीकडे काम मिळाले तर जा. तोवरचा बसून भत्ता द्यायचा.

या तिसऱ्या कलमाची परीक्षा लवकरच झाली. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. दाजींनी त्याच संध्याकाळी ड्रायव्हरला फोन केला. मी तेव्हा फोनवर नव्हतो, पण अक्काने नंतर शब्दन् शब्द सांगितला. ‘गाडी किती दिवस उभी राहील मला ठाऊक नाही. महिन्याला चार हजार देईन, तेही दोन महिने. तिसऱ्या महिन्याचं वचन देत नाही. मध्ये काही मिळालं तर खुशाल जा, मी राग धरणार नाही.’

शेतमालाच्या वाहतुकीला पुढे मोकळीक मिळाली. शेतकरी गटांची फळे-भाजी शहरांत थेट पोचवण्याच्या खटपटीत आमचे खाते होते, आणि मी गाड्या शोधत होतो. गाड्या पुष्कळ होत्या, चालवायला माणसे नव्हती. ड्रायव्हर आपापल्या गावी गेले होते. कुणी भीतीने येत नव्हते, कुणी मालकावर विश्वास नाही म्हणून येत नव्हते. दाजींचा ड्रायव्हर मात्र परवाना मिळताच मोटारसायकलवरून आला. मी त्याला विचारले, ‘भीती नाही वाटली का हो?’ तो म्हणाला, ‘वाटली की. पर मालकानं नाही तेव्हा नाही म्हणून सांगितलं हुतं. आता हाय म्हणत्यात, म्हणजे असंलच.’

‘नाही’ खरे सांगितले होते, म्हणून त्यांच्या ‘आहे’ला किंमत आली.

आता थोडे आपल्या शेतकऱ्यांविषयी, कारण आपणही या व्यवहाराबाहेर नाही. ‘माल भरून तयार आहे, गाडी पाठवा’ असे आपण फोनवर सांगतो आणि गाडी बांधावर आली तरी कांदा चिरायचा-निवडायचा असतो. गाडी पाच तास खोळंबते. तो वेळ भरून काढायला ड्रायव्हर रात्रीची झोप मोडून गाडी हाकतो. मालकाशी एक भाडे ठरवायचे आणि ड्रायव्हरच्या कानात दुसरेच सांगायचे, हेही चालते. एवढे करा. भाडे ठरले की तो आकडा बिल्टीवर लिहा आणि दोघांच्या देखत बोला. माल तयार नसेल तर नाही म्हणा. आणि घरातल्या बायाबापड्यांनो, तुमच्या घरचा कुणी गाडीवर असेल, तर मंदीच्या दिवसांत त्याला ‘किती आणले’ विचारण्याआधी ‘भाडे आहे का’ ते विचारा. घरी खरे सांगता आले तर बाहेर खोटे करायची पाळी कमी येते.

माझ्यापुरते म्हणाल, तर मी त्यानंतर एक ठरवले. मला जे ठाऊक आहे ते कुणी विचारले, तर नात्याचा मुलाहिजा न ठेवता सांगायचे. सांगायचे नसेल तर ‘मला विचारू नका, मालकालाच विचारा’ म्हणायचे. ‘येईल की’ म्हणायचे नाही. तो शब्द मी सोडला.

तो मोहोळकडचा ड्रायव्हर आता एका डेअरीच्या टँकरवर कायम आहे. थोरला मुलगा बारावी झाला. दर वर्षी मृग लागला की त्याचा मला फोन येतो. ‘साहेब, पेरू का थांबू?’ मी पावसाचे आकडे बघतो आणि सांगतो. तो ‘बरं’ म्हणतो आणि फोन ठेवतो.

पावसाचे तो अजून मला विचारतो. दुसरे काही विचारत नाही.